पोस्टकार्डांवरचं कार्ल्सबाड, डोंगरावरचं कार्लोवी वारी

पोस्टकार्डांवर हे गाव नेहमी वरूनच दिसतं. खाली अरुंद दरी, तिच्यातून वळत गेलेली लहानशी नदी, दोन्ही काठांना चिकटलेली चार-पाच मजली घरं, मधोमध दोन मनोऱ्यांचं चर्च आणि कोपऱ्यात ऐटदार जर्मन अक्षरांत ‘ग्रूस आउस कार्ल्सबाड’, म्हणजे ‘कार्ल्सबाडहून नमस्कार’. सांगलीच्या माझ्या आत्यानं अशी कार्डं वर्षानुवर्षं जमवली आहेत. तिकिटं आणि नाण्यांच्या प्रदर्शनांमधून, कधी मुंबईत, कधी पुण्यात. शाळेत तिनं भूगोल शिकवला, त्यामुळे डोंगर, नदी आणि गाव एकाच चित्रात असलं की तिचा हात आपोआप तिकडे जातो. ऑक्टोबरात ती माझ्याकडे प्रागला आली, तेव्हा तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, “किल्ला, पूल सगळं बघू गं, पण मला त्या फोटोवाल्यांच्या जागी उभं राहायचंय.”

म्हणून आम्ही चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम टोकाला, कार्लोवी वारीला गेलो. जर्मन लोक याच गावाला कार्ल्सबाड म्हणत.

शुक्रवार: खालून सुरुवात

प्रागच्या फ्लोरेंत्स स्थानकावरून बसनं सव्वादोन तासांत पोचलो. आगगाडीही आहे, पण ती वळसा घालून जाते आणि बराच जास्त वेळ घेते, तेव्हा बसच बरी.

सामान टाकून नदीकडे निघालो. तेप्ला नदी इतकी लहान असेल असं आत्याला वाटलं नव्हतं. कार्डांवर ती भरदार दिसते. प्रत्यक्षात दगडी भिंतींमधून वाहणारा, उन्हात तळ दिसणारा प्रवाह. तरी या नदीनं गावाला चांगलाच इंगा दाखवला आहे. 24 नोव्हेंबर 1890 च्या पुरात मुख्य रस्ते पाण्याखाली गेले होते. पुढे 1930 च्या दशकात वरच्या अंगाला ब्रेझोवाचं धरण बांधलं गेलं.

गावात शिरताना पहिली दिसली ती थर्मल हॉटेलची काँक्रीटची उंच इमारत. 1967 ते 1976 या काळात माखोनिन दांपत्यानं, व्लादिमीर आणि व्येरा यांनी, ती उभारली. इथल्या चित्रपट महोत्सवाचं हेच मुख्य ठिकाण. जुन्या कार्डात ती अर्थातच नाही. तिच्यासाठी जुन्या घरांची एक अख्खी ओळ पाडली गेली. आत्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मला ती इमारत आवडते. ती आपल्या काळाची आहे आणि तसं स्पष्ट सांगते. आत्याला आवडली नाही, आणि आमचं यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

पुढे म्लिन्स्का कोलोनाडा, म्हणजे दगडी खांबांची लांबलचक पडवी. योसेफ झीटेक या वास्तुकारानं ती 1871 ते 1881 मध्ये बांधली. प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृहही त्याचंच. 124 खांब आहेत, आणि आत पाच झरे. लोक हातात चपट्या चिनी मातीच्या पेल्या घेऊन सावकाश येरझारा घालत होते. या पेल्यांचा कानच पोकळ असतो आणि त्याच्यातून पाणी ओढून प्यायचं. दुकानातल्या बाईंनी आत्याला तीनतीनदा करून दाखवलं: घोट लहान घ्यायचा, मग चालायचं, मग पुन्हा घोट. पाण्यातल्या क्षारांचे डाग दातांवर पडू नयेत म्हणून ही सोय, असं त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं, आत्याचंही जपून, पण दोघी मास्तरणी असल्यासारख्या एकमेकींना समजावत होत्या.

पाणी खारट, किंचित लोखंडी चवीचं आणि चांगलंच गरम. सगळ्या झऱ्यांचं पाणी मुळात एकच आहे. वर येताना ते किती निवतं आणि त्यात वायू किती उरतो, एवढाच फरक. सर्वांत गरम झरा 73 अंशांच्या आसपास, तर उद्यानातल्या कोलोनाडात सापाच्या तोंडातून येणारा सर्वांत गार. आत्यानं वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं लहानपणी पाहिलेली आहेत, तानसाच्या काठची. “तिथं अंघोळ, इथं पिणं,” ती म्हणाली. इथंही पूर्वी अंघोळच होती, तासन्‌तास पाण्यात बसायचं, कातडी फुटेपर्यंत. 1522 मध्ये वैद्य वाक्लाव पायेर यांनी लिहिलेल्या पुस्तिकेत पाणी पिण्याचाही सल्ला आला. अठराव्या शतकात डॉक्टर डाव्हिड बेखर यांनी झऱ्यापाशीच पिण्याचा आणि पिऊन चालण्याचा आग्रह धरला. हे चालणं लक्षात ठेवा, कारण डोंगरावरची सगळी पोस्टकार्डं त्यातूनच आली आहेत.

*जाणाऱ्यांसाठी:* पाणी फुकट आहे, पेली विकत घ्यावी लागते. पहिल्या दिवशी दोन-चार घोटांवर थांबा, पोटावर त्याचा परिणाम लवकर होतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका. मुक्कामाला दर रात्री माणशी थोडं पर्यटन-शुल्क लागतं, ते खोलीभाड्यात धरलेलं नसेल तर वेगळं मागतात.

रात्री जेवायला लसणाचं सूप आणि कार्लोवी वारीचे क्नेडलिक. शिळ्या पावाचे तुकडे, दूध, अंडं आणि कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली एकत्र मळून, उकडून, चकत्या कापतात. सोबत मश्रूमचा दाटसर रस्सा. शाकाहारी माणसांनी सूप मागताना ते मांसाच्या पाण्यात केलंय का हे जरूर विचारावं, बऱ्याच ठिकाणी असतं. तळलेलं चीज आणि बटाटे सगळीकडे मिळतात, पण दोन जेवणांनंतर त्याचा कंटाळा येतो. फळं भरलेले गोड क्नेडलिक मिळाले तर तेच जेवण म्हणून घ्या. आत्यानं दुसऱ्या दिवशी तसंच केलं.

शनिवार: दोन डोंगर

हे गाव दक्षिणोत्तर दरीत बसलेलं आहे. त्यामुळे कुठल्या डोंगरावर कधी जायचं हे ऊन ठरवतं. पूर्वेच्या तीन क्रूसांच्या टेकडीवरून पश्चिमेकडे बघायचं असतं, तिथं सकाळ चांगली. पश्चिमेच्या येलेनी स्कोक, म्हणजे ‘हरणाची उडी’, या कड्यावरून पूर्वेचा काठ दिसतो, तिथं दुपार. हे आत्यानं कार्डांवरच्या सावल्यांवरून सांगलीत बसून काढलं होतं आणि ते तंतोतंत खरं निघालं.

सकाळी आठला चढायला लागलो तेव्हा गावात धुकं होतं. समोरचं घर दिसत नव्हतं. मी म्हटलं, उद्या जाऊ. आत्या म्हणाली, “दरीतलं धुकं आहे, वर नसेल.” बीच आणि ओकच्या झाडीतून पायवाट वर गेली. पानं पिवळी, तांबूस, आणि ओली असल्यामुळे पाय घसरत होते. पाऊण तासानं झाडी संपली आणि आम्ही उन्हात आलो. खाली गाव नव्हतंच. नुसतं पांढरं धुकं, त्यातून पलीकडच्या डोंगराची धार, आणि लांब उत्तरेला क्रुश्ने होरी पर्वताची निळी रेघ. त्या रेघेपलीकडे जर्मनी.

वर तीन मोठे क्रूस उभे आहेत. आताचे नवे आहेत, पण जागा जुनी आणि नावही जुनं. कार्डांवर इथं उपाहारगृह दिसतं, टेबलांवर पांढरे कपडे, टोप्या घातलेल्या बायका. आम्ही बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायलो. धुकं विरायला तासभर लागला, आणि ते ज्या क्रमानं विरलं तो आम्हाला विसरता येणार नाही. आधी रशियन चर्चचे सोनेरी घुमट वर आले, मग थर्मलचा माथा, मग छपरांच्या रांगा, आणि सर्वांत शेवटी नदीची जागा. नदी स्वतः दिसलीच नाही. घरांमधली फट तेवढी दिसली.

आत्यानं पिशवीतून कार्ड काढून समोर धरलं. पीटर आणि पॉल यांच्या नावाचं ते रशियन चर्च 1890 च्या दशकात बांधलेलं आहे. एका कार्डावर ते होतं, दुसऱ्यावर नव्हतं. म्हणजे दुसरं आधीचं. अशी कार्डांची वयं ठरवत बसण्यात तिचा जीव रमला. आणखी एक खूण ती मला शिकवून गेली. जगातलं पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीनंच 1 ऑक्टोबर 1869 रोजी काढलं, तेव्हा हे गाव त्याच साम्राज्यात होतं. चित्रांची कार्डं आली तरी मागची बाजू बराच काळ फक्त पत्त्यासाठी राखलेली असे. मजकूर लिहायचा तो चित्राच्या बाजूनं. म्हणून जुन्या कार्डांत चित्र लहान असतं आणि कडेला पांढरी जागा सोडलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागची बाजू उभ्या रेषेनं विभागायची मुभा मिळाली, आणि मग चित्र अख्ख्या कार्डावर पसरलं. डोंगरावरचं गाव मोठं झालं ते या एका टपाली नियमामुळे. ही गोष्ट मला फार आवडली.

दुपारी नदीपलीकडे. पुप हॉटेलच्या मागच्या गल्लीतून दोरीवर ओढली जाणारी गाडी डायना टेकडीवर जाते. 1912 पासून चालते. पाच मिनिटांत वर. वरचा मनोरा 1914 चा, पायऱ्या 150, पण लिफ्टही आहे. मनोऱ्यावरून लांबवर जंगल दिसतं, गाव मात्र बरंचसं झाडीत आणि दरीत लपतं. ज्यांना पोस्टकार्डातला देखावा हवा आहे त्यांनी डायनावरून चालत उतरावं. बहुतेक जण मनोरा बघून त्याच गाडीनं परत जातात आणि खरी जागा चुकवतात.

उतरायच्या आधी उपाहारगृहात कॉफी घेतली. शेजारच्या टेबलावर जर्मनीतल्या सॅक्सनीतून आलेल्या एक वयस्क बाई होत्या. आत्यानं टेबलावर मांडलेली कार्डं बघून त्या स्वतःहून उठून आल्या. एका कार्डाच्या कडेला बारीक, टोकदार, तिरक्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. आजकालच्या जर्मनांनाही ते वळण वाचता येत नाही. मी प्रागमध्ये दोघांना विचारून पाहिलं होतं. बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. लिहिणाऱ्यानं घरी कळवलं होतं की तीन पेले पाणी पिऊन डॉक्टरच्या हुकुमानं वर चढून आलो, पाऊस थांबत नाही, भूक मात्र छान लागते आहे.

बाईंना ती लिपी आजीनं शिकवली होती. आजी इथली, याच गावात जन्मलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर 1945-46 मध्ये इथल्या जर्मनभाषक लोकांना देश सोडावा लागला, त्यात आजीचं कुटुंबही गेलं. नेता आलं तेवढं सामान घेऊन. आजीकडे घराचा फोटो नव्हता. होतं ते एक पोस्टकार्ड, डोंगरावरून काढलेलं, आणि त्यावर एका छपरावर पेन्सिलीनं केलेली फुली. बाई दरवर्षी नाही, पण जमेल तेव्हा येतात आणि ते छप्पर शोधतात. “सापडलं का?” आत्यानं विचारलं. सापडलं होतं. घर उभं आहे, रंग वेगळा आहे. त्या घरात आता राहणाऱ्या कुटुंबाशी त्यांची ओळख झाली आहे, ते त्यांना चहाला बोलावतात. आत्या यावर काही बोलली नाही, तिनं त्यांचा हात हातात घेतला. मला आजवर पोस्टकार्ड म्हणजे परक्या माणसानं विकत घेतलेली आठवण वाटायची. इथं ते गावच्याच माणसाकडचा घराचा एकमेव पुरावा होतं.

उतरताना वाट जंगलातून जाते. गावाभोवती अशा आखलेल्या पायवाटा शंभर किलोमीटरहून जास्त आहेत. त्या सहलीसाठी नव्हे, उपचारासाठी आखल्या गेल्या: पाणी प्या, चढा, उतरा. वाटेवर ठराविक अंतरानं बाक, छत्र्या, चौथरे. माणूस थांबेल तिथं देखावा, आणि देखावा असेल तिथं छायाचित्रकार. आत्याला हे एकदम पटलं. डोंगरावरून गाव बघणं ही इथं औषधाच्या चिठ्ठीचीच पुढची ओळ होती.

येलेनी स्कोकला कड्यावर शॅमॉय नावाच्या डोंगरबकऱ्याचा पुतळा आहे, 1851 पासून. दंतकथा मात्र हरणाची. सम्राट चौथा चार्ल्स शिकारीला आला, हरणानं कड्यावरून उडी मारली, मागे लागलेला कुत्रा खाली गरम झऱ्यात पडून भाजला, आणि त्याच्या ओरडण्यानं झरा सापडला. इतिहासात नक्की आहे ते एवढंच की 1370 मध्ये या सम्राटानं गावाला नगराचे हक्क दिले. गरम पाणी लोकांना त्याआधीही ठाऊक असणार.

थोडं पुढे मायरचा छत्रीवजा मंडप, 1804 चा, कड्याच्या अगदी टोकाला. इथं आलो आणि आत्या थबकली. हीच ती जागा. दुपारचं ऊन समोरच्या काठावर पडलं होतं. मेरी मॅग्डलिनचं दोन मनोऱ्यांचं चर्च, किलियान इग्नाट्स डीन्झेनहोफरनं 1730 च्या दशकात बांधलेलं, आणि त्याच्या पायथ्याशी झऱ्याची वाफ. तिनं कार्ड पुढे धरलं आणि मनोरे मनोऱ्यांवर बसले.

मग फरक दिसायला लागले. कार्डात छपरं सगळी लाल, खरी छपरं राखाडी, काळी, तांब्याची हिरवी. ही कार्डं मुळात कृष्णधवल छायाचित्रं, रंग छापखान्यात चढवलेले, आणि रंग देणाऱ्यानं गाव बघितलेलं असायलाच हवं असं नव्हतं. कार्डात नदी निळी आणि रुंद, इथून ती पुलांच्या मधल्या तुकड्यांत दिसते. कार्डात चर्चच्या खाली लोखंडी जाळीकामाचा नाजूक मंडप आहे. व्हिएन्नाच्या फेल्नर आणि हेल्मर या जोडीनं तो 1879 मध्ये उभारला, 1939 मध्ये तो उतरवला गेला. आज तिथं 1975 सालची काचेची, सपाट इमारत आहे. आणि कड्याभोवतीची झाडं! तेव्हा ती छाटलेली असत, आता वाढली आहेत, त्यामुळे कार्डातली डावी बाजू मिळवायला आम्हाला कठड्याच्या शेवटच्या कोपऱ्यात उभं राहावं लागलं.

जुळलं ते मात्र जास्त होतं. घरांची ओळ, खिडक्यांच्या रांगा, रस्त्याचं वळण. दरी इतकी अरुंद आहे की गावाला पसरायला जागाच नाही. एका काठाला एक ओळ, दुसऱ्या काठाला एक ओळ, आणि मागे लगेच कडा. म्हणून घरं उंच झाली आणि एकमेकांना चिकटली. “नकाशावर हे कळत नाही,” आत्या म्हणाली, “आणि खालून चालतानाही कळत नाही. वरूनच कळतं गाव असं का आहे ते.”

*जाणाऱ्यांसाठी:* उतरणीची वाट सोपी आहे, पण शरद ऋतूत ओल्या पानांवर साध्या बुटांनी जाऊ नका. पाटीवर चेक नावं असतात आणि जुन्या कार्डांवर जर्मन. निघायच्या आधी दोन्ही लिहून घ्या: हिर्शेनश्प्रुंग म्हणजे येलेनी स्कोक, द्राय-क्रॉयत्स-बेर्ग म्हणजे तीन क्रूसांची टेकडी.

रविवार: कार्डात आहे, गावात नाही

शेवटच्या सकाळी डोंगर नाही, फक्त खालचा रस्ता. आधी मुख्य झरा, व्हर्झीद्लो. मिनिटाला सुमारे 2,000 लिटर पाणी, कारंजं बारा मीटरपर्यंत उसळतं. शेजारी कागदाची फुलं या पाण्यात ठेवून दगडी करून विकतात. क्षारांचा थर त्यांच्यावर साचतो, तपकिरी, टणक. आत्यानं एक गुलाब घेतला.

आत्याकडे एक कार्ड होतं, त्यावर घरांच्या मागे उंच मनोऱ्यांचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर, दिसतं. 1877 मध्ये बांधून पूर्ण झालेलं. आम्ही सादोवा रस्त्यावर ते शोधत फिरलो, म्हणजे त्याची जागा. 1938 च्या ऑक्टोबरमध्ये हा भाग नाझी जर्मनीनं गिळला, आणि नोव्हेंबरच्या 9-10 तारखेच्या रात्री सिनेगॉग जाळलं गेलं. इथं औषधपाण्याला येणाऱ्यांत आणि इथं राहणाऱ्यांत ज्यू लोक मोठ्या संख्येनं होते. त्या कार्डावर मागे काही लिहिलेलं नाही, ते टपालात कधी पडलंच नाही. त्या रस्त्यावर उभं राहून आत्यानं ते कार्ड पाहिलं आणि तिनं ठरवलं की संग्रहात या कार्डाखाली ती तारीख लिहून ठेवायची. नुसतं ‘सुंदर दृश्य’ म्हणून ते ठेवायचं नाही.

इथं येऊन गेलेल्यांची यादी लांब आहे. जर्मन कवी ग्योटे तेरा वेळा, मार्क्स 1874 पासून लागोपाठ तीन उन्हाळे. आपल्यापैकी सुभाषचंद्र बोस 1930 च्या दशकात युरोपात असताना इथं उपचारासाठी राहिले होते. त्यांनीही या वाटा चढल्या असतील का, असं आत्या सारखी विचारत होती. डॉक्टरांचा हुकूम सगळ्यांना सारखाच असणार.

बसच्या आधी गरम ओप्लाटकी खाल्ल्या, ताटाएवढ्या गोल, पातळ, मध्ये हेझलनटची साखर. दुकानात उभं राहून लगेच खायच्या, डब्यातल्या नेल्या तर ती मजा नाही.

ज्यांना एकच डोंगर जमणार असेल त्यांना आमचा सल्ला: दुपारी तीनच्या सुमारास दोरीच्या गाडीनं डायनावर जा, कॉफी घ्या आणि चालत मायरच्या मंडपापर्यंत उतरा. गुडघे दुखत असतील तर गाडीच्या मधल्या थांब्यावर, येलेनी स्कोकला, उतरलात तरी चालेल. तिथून मंडप थोड्याच अंतरावर आहे आणि वाटेत बाक भरपूर आहेत. जुनी कार्डं हवी असतील तर ती गावातल्या आठवणवस्तूंच्या दुकानांपेक्षा प्रागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधा. तिथं ती गावांच्या नावांनुसार खोक्यांत लावलेली असतात. कार्लोवी वारीचं खोकं बहुतेक सर्वांत जाड निघतं, आणि लिहिलेली कार्डं कोऱ्यांपेक्षा जास्त वाचण्यासारखी असतात.